उदगीर–धर्माबाद गाडीतले डबे

शिवांगी खरं तर आली होती जगदेवीबाईंना भेटायला. ती मूळची नांदेडची, लातूरच्या एका कॉलेजात गृहशास्त्र शिकवायची. मांजरा आणि गोदावरीच्या काठाने कोणत्या गावात काय शिजतं, पूर्वी काय शिजायचं, कुठून आलं आणि कधी बंद पडलं, याचा एक मोठा नकाशा करायचं तिने मनावर घेतलं होतं. समुद्रकाठच्या मुलखांचे असे नकाशे झालेत, मग आपल्या नदीकाठानं काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं. उदगीरच्या लिंगायत घरांतली कडक भाकरी लिहून घ्यायची म्हणून विचारत विचारत ती बिदर रोडवरच्या मलगे यांच्या घरी पोचली.

जगदेवीबाईंनी तिला ओट्याजवळच पाट दिला.

"पातळ थापायची, वरून तीळ दाबायचे. भाजून झाली की निखाऱ्यापाशी उभी करून ठिवायची. पाणी सगळं गेलं पायजे. मंग महिनाभर ऱ्हाती. लिहिलंस?"

"लिहिलं, काकू. ही अशी भाकरी पार धर्माबादपर्यंत करतात का?"

जगदेवीबाईंना धर्माबादचं काही ठाऊक नव्हतं. उत्तर आलं ते बाहेरच्या खोलीतून, बाजेवर पेपर वाचत पडलेल्या माणसाकडून.

"न्हाई. देगलूरपतोर हाय. बिलोलीच्या पुढं तिकडचे लोक कण्या आणायचे. ज्वारीच्या, ताकात शिजवलेल्या. आन् कुंडलवाडीच्या पुढं तांदूळ सुरू."

शिवांगीने वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत, आप्पा?"

"तेहतीस वर्षं कंडक्टर होतो ना मी. लोकांचे डबे बघितलेत."

संगमेश्वर मलगे यांना त्या दिवसापर्यंत कुणी असं काही विचारलंच नव्हतं. वय एकोणसत्तर, गुडघे थोडे कुरकुरणारे, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. वडिलांचं चौबाऱ्याजवळ चिंच-मिरचीचं दुकान होतं. थोरल्या मुलाने गादीवर बसावं ही त्यांची इच्छा. पण संगमेश्वरला एका जागी बसायचाच कंटाळा. पंचविसाव्या वर्षी तो एसटीत लागला तेव्हा वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. पुढे त्याला उदगीर–धर्माबाद गाडी मिळाली आणि ती त्याने निवृत्तीपर्यंत सोडली नाही.

पहिलं वर्षभर तो बाहेरचं पाणीसुद्धा प्यायला नाही. धर्माबादच्या स्टँडवर एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बायकोने, जगदेवीने, दिलेला डबा खायचा. ड्रायव्हर किशनराव उमरीकडचे मराठा शेतकरी, वयाने मोठे. ते एकदा म्हणाले, "मलगे, भिंतीला दाखवून जेवता, भिंत काय वाढणार हाय का तुम्हाला?" तरी संगमेश्वर वळला नाही.

वळला तो देगलूरच्या अलीकडे गाडी बंद पडली त्या दिवशी. दुसरी गाडी यायला तीन तास. लोक लिंबाच्या झाडाखाली उतरले आणि हळूहळू एकेकाच्या पिशवीतून फडकी सुटायला लागली. संगमेश्वरचा डबा त्या दिवशी नेमका घरी राहिला होता. एका म्हातारीने त्याच्यापुढे भाकरी धरली, तिच्यावर हिरवट काळी भाजी.

"खा रे बाबा. पुंडी हाय. पाला खाल्ल्यानं जात जाती का कुणाची?"

त्याने खाल्ली. घरी जगदेवी अशीच करायची. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, आम्ही हिला अंबाडी म्हणतो. पलीकडची धर्माबादची बाई म्हणाली, गोंगुरा. मग तिघांची तिथेच जुंपली, कुणाची भाजी खरी. एक लसूण घालायचा, एक शेंगदाणे, एक लाल मिरच्या अख्ख्या. संगमेश्वर मधे बसून तिघांच्या भाकरीवरची चव घेत राहिला. दुसरी गाडी आली तेव्हा उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

तेव्हापासून त्याला नादच लागला. तिकीट फाडता फाडता मांडीवरच्या डब्याकडे नजर जायची. "काय आणलंय आज?" असं तो विचारायचा आणि लोक झाकण उघडून दाखवायचे. संक्रांतीच्या आगेमागे धर्माबादच्या बायका तांदळाच्या चकलीसारख्या सकिनालू न्यायच्या, त्याच्या खिशात दोन घालायच्या. बिलोलीचे एक उस्मानसाहेब आंबट डाळीचा डबा कधी एकटे खात नसत. देगलूरला चढणारी नागम्मा नावाची बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा मांडीवर डिंकाच्या लाडवांचं पातेलं घेऊन बसली होती. दर खड्ड्याला ती पातेल्यावर हात ठेवायची, आणि संगमेश्वर पुढे जाऊन किशनरावांना "जरा दमानं" म्हणायचा. वेळा अमावस्येला तर किशनराव सुट्टी काढून त्याला शेतातच न्यायचे. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, मग शेंगा-पाल्याची भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे. आंबिलीच्या मडक्यावर बांधलेलं फडकं सोडताना किशनराव म्हणायचे, "आता ह्या भिंतीकडं तोंड करा, मलगे." आणि मडक्याकडे बोट दाखवायचे.

हे सगळं शिवांगीने त्या दिवशी दुपारभर बसून ऐकलं. कडक भाकरीचा कागद बाजूलाच राहिला. जाताना तिने पिशवीतला अर्धामुर्धा नकाशा बाजेवर पसरला. त्यावर तालुके होते, नद्या होत्या. संगमेश्वरने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"ह्याच्यात थांबे कुठं हायत?"

"थांबे नाहीत, आप्पा."

"मंग लोक चढणार कुठं आन् उतरणार कुठं? खाणं माणसासंगं जातं, बाई. देगलूरची लेक कुंडलवाडीला दिली की पुंडी तिच्यासंगं जाती. ह्या तालुक्याच्या रेघेला विचारत न्हाई ती."

शिवांगीने थोडा विचार केला. मग तिने त्यांनाच विचारलं, रविवारी माझ्याबरोबर त्या रस्त्याने याल का?

चार रविवार ते दोघं फिरले. त्याच गाडीने, एक एक टप्पा करत. संगमेश्वर खिडकीशी बसायचा आणि थांबा आला की सांगायचा, इथं काय चढायचं. काही ठिकाणी जुनी माणसं भेटली. उस्मानसाहेब वारले होते, पण त्यांच्या सुनेने आंबट डाळ करून वाढली आणि संगमेश्वरने एक घास घेऊन सांगितलं, "चिंच कमी झाली." ती हसली आणि म्हणाली, "अब्बाबी यहीच बोलते थे." काही ठिकाणी मात्र थांबाच उठला होता, रस्ता चौपदरी झाला होता आणि लिंबाचं झाड नव्हतं. अशा जागी तो थांब्याचं नुसतं नाव लिहायला सांगायचा. मग "चला" म्हणायचा.

चौथ्या रविवारी गोदावरीचा पूल जवळ आला. शिवांगीने वही उघडली. "आणि इथं, आप्पा?"

"इथं काही न्हाई."

"पुलाच्या आधी एक फाटा दिसतोय. कान्हेघाट."

"म्हणलं ना, काही न्हाई."

धर्माबादला उतरल्यावर दोघं स्टँडवर चहा प्यायला बसले. मिरचीचा हंगाम होता. बाजाराकडून येणाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरत होते. संगमेश्वरने कप अर्धाच ठेवला.

"कान्हेघाटला भोयांची वस्ती हाय," तो म्हणाला. "तिथून केवळाबाई चढायची. डोक्यावर मासळीची टोपली. धर्माबादच्या बाजाराला."

मग त्याने सांगितलं. पहिल्यापहिल्यांदा टोपली टपावर जायची. एका उन्हाळ्यात टपावर लग्नाचं सामान होतं, जागा नव्हती. केवळाबाई टोपली घेऊन आत आली, मागच्या बाजूला खाली बसली. पुढच्या सीटवरचे दोन व्यापारी नाकाला रुमाल लावून म्हणाले, कंडक्टर, हे काय चाललंय. संगमेश्वर त्यांना समजावू शकला असता. पण त्याला स्वतःलाच तो वास सहन होत नव्हता. त्याने घंटी मारली, गाडी थांबवली आणि तिला भर रस्त्यात उतरवलं. धर्माबाद अजून अकरा किलोमीटर होतं. ती टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. किशनरावांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी धर्माबादला ते त्याच्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

"दोन वर्षांनी मे महिन्यात त्याच पुलापाशी गाडीचा पाटा तुटला," संगमेश्वर म्हणाला. "ऊन असं की लोकांना भोवळ यायला लागली. खाली नदीत नुसती वाळू. वाळूत भोयांच्या खरबुजाच्या वाड्या होत्या. त्यांनी बघितलं आन् टोपल्या भरून खरबुजं वर आणली. आख्ख्या गाडीला वाटली. मला दिली ती केवळाबाईनं. तिथंच विळ्यानं कापली आन् फोड हातात दिली."

"तिने ओळखलं तुम्हाला?"

"काय माहीत. मी वर बघितलंच न्हाई. पण त्या खरबुजासारखं खरबूज पुन्हा कधी खाल्लं न्हाई, एवढं सांगतो. साल कागदासारखी. आतून हिरवट, आन् वास असा की गाडी धर्माबादला पोचेपतोर हाताला होता." त्याने कप उचलला, पुन्हा ठेवला. "तोंड उघडून माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करता करता माझी ड्युटी संपली."

शिवांगीने वही मिटली. "जिवंत असतील का त्या?"

"असल तर पंच्याऐंशीच्या घरात असल."

ती उठली. "चला, आप्पा. परतीची गाडी कान्हेघाटला थांबते."

केवळाबाई जिवंत होती. पत्र्याच्या घरापुढे, शेवग्याच्या सावलीत बसून वाळवलेले झिंगे निवडत होती. पाठ पार वाकलेली, पण बोटं भराभर चालत होती. नातसून आरतीने दोघांना खुर्च्या दिल्या. संगमेश्वर खुर्चीवर बसला नाही, खाली बसला आणि त्याने हात जोडले.

"केवळाबाई, शरणार्थ. मी कंडक्टर. उदगीरच्या गाडीचा."

म्हातारीने मान वर केली. तिचं मराठी निम्मं तेलुगू होतं. "कोनता? लई कंडक्टर झाले."

त्याने सांगितलं. काही न लपवता सांगितलं. व्यापाऱ्यांचंही नाव पुढे केलं नाही, वास मलाच सहन होत नव्हता असं म्हणाला. आरती उभ्या उभ्या ऐकत होती. केवळाबाई झिंगे निवडत राहिली.

"उतरवलं असल," ती शेवटी म्हणाली. "मला धा-बारा जणांनी उतरवलं. त्यातला तू कोन, ते कसं सांगू?"

इतकी वर्षं संगमेश्वर समजत होता की ती गोष्ट त्या दोघांचीच आहे.

"एक डाव लई ऊन होतं," ती म्हणाली. "चालत गेले तर बाजार उठलेला. मासे सगळे गेले. येताना नदीच्या डोहात टाकले. कासवं आली खायाला, ह्या एवढाली. मी बसून बघितलं." तिने सूप झटकलं. "तो तुझा दिवस असल तर तुझा."

"माझाच असल," संगमेश्वर म्हणाला. "माझं चुकलं, बाई."

"हाव, चुकलं तर खरं," ती म्हणाली. आणि तिने तिथेच तो विषय ठेवला. त्याला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. शिवांगीकडे बोट करून तिने विचारलं, "ही पोरगी काय लिहून राहिली?"

शिवांगीने नकाशाचं सांगितलं. केवळाबाईला तेवढं बरोबर कळलं. ती बोलायला लागली आणि शिवांगीची पंचाईत झाली, कारण मासळीचं सगळं ती तेलुगूतच सांगायला लागली. संगमेश्वरला त्या रस्त्याने तेलुगू शिकवली होती. तो एकेक वाक्य मराठीत करायला लागला, मग शिवांगी म्हणाली, आप्पा, तुम्हीच लिहा. जन्मात मासळीला न शिवलेल्या माणसाने वही मांडीवर घेतली. वाम हातातून सटकते, म्हणून आधी चुलीतली राख चोळायची. मरळ आजाऱ्याला, बाळंतिणीला. रश्शाला चिंच, धर्माबादची मिरची आणि दाटपणा यायला ज्वारीचं भाजलेलं पीठ. पहिल्या पुरात येणारी बारीक मासोळी काट्यासकट. झिंगे अंबाडीत, वरून कण्या.

तिथे तो थांबला. "अंबाडीत?"

"गोंगुरात," केवळाबाई म्हणाली. "का? तुमच्यात करत न्हाईत?"

"करतात. झिंग्याशिवाय करतात."

म्हातारीने आरतीला हाक मारली. चुलीवर भाजी होतीच. झिंगे टाकायच्या आधी एका वाटीत थोडी काढून ठेव, असं तिने सांगितलं. "ह्यो माणूस खात न्हाई ते."

संगमेश्वरने ती वाटी भाकरीबरोबर खाल्ली, म्हातारीच्या समोर बसून, तोंड तिच्याकडे करून. भाजी आंबटढोण होती, कण्या नीट शिजलेल्या. शिवांगीने झिंग्यांची खाल्ली आणि नाक पुसत आणखी मागितली.

खरबुजाचं बी मात्र नव्हतं. वर धरणं-बंधारे झाले, वाळू ट्रकांनी गेली, नदीत वाड्या घालायला जागाच राहिली नाही. गाडग्यात राखेत घालून ठेवलेलं बी पाच-सहा वर्षं सांभाळलं, मग उंदरांनी खाल्लं. केवळाबाईने हे अगदी सरळ सांगितलं. शिवांगीने नकाशात त्या जागी एक रिकामं वर्तुळ काढलं. जे आता मिळत नाही त्याची ती खूण. मोजत बसलं तर त्या रस्त्यावर अशी सतरा वर्तुळं झाली.

नकाशा पुरा व्हायला वर्ष लागलं. उन्हाळ्याच्या तोंडावर लातूरच्या एका सभागृहात तो भिंतभर लावायचं ठरलं. प्रत्येक थांब्याखाली माहिती सांगणाऱ्याचं नाव. कान्हेघाटच्या खाली दोन नावं होती: केवळाबाई, आणि शब्दांकन संगमेश्वर मलगे.

त्यावरून घरात बोलणं झालं. मुलगा महांतेश, त्याचं उदगीरला औषधाचं दुकान. त्याने मोबाइलवर आलेला नमुना पाहिला आणि सरळ वडिलांपुढे येऊन बसला.

"आप्पा, वाम मासा कसा धुवायचा आन् खाली मलगे. मठात काय तोंड दाखवायचं?"

"मी धुतला न्हाई. लिहिला."

"लोक तेवढं वाचतात का? त्या मॅडमला सांगून नाव काढा तेवढं."

संगमेश्वर काही बोलायच्या आत जगदेवीबाई आतून आल्या. हाताला पीठ होतं.

"तीस-बत्तीस वर्षं ह्येनी लोकांच्या डब्यातलं खाल्लं," त्या म्हणाल्या. "माझ्याच भाकरीखाली माझं नाव हाय ना? मंग ज्याचं त्याच्या खाली असू दे. नाव काढायचं असल तर माझंबी काढा."

महांतेश उठून दुकानात गेला. दोन दिवस त्याने वडिलांशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, लातूरला जायला गाडी करू का.

सभागृहात दिवसभर माणसं येत होती. आधी सगळे आपापलं गाव शोधायचे, मग भांडायचे. निलंग्याच्या एका बाईंनी शिवांगीला धरून ठेवलं, आमच्याकडची शेंगापोळी कुठंय म्हणून. संगमेश्वर नवा सदरा घालून भिंतीशी उभा होता. चालत्या गाडीत उभं राहायची सवय असल्यासारखे पाय जरा फाकलेले. थांब्यावर बोट ठेवून एकाला सांगायचा, मग पुढच्याला सांगायचा. दुपारी त्याला वीरण्णा शेटकार दिसले. उदगीरच्या मठाच्या पंचांतले, जुने आडत व्यापारी. महांतेशचा चेहरा उतरला. वीरण्णांनी उदगीरपासून वाचायला सुरुवात केली, काठी टेकत एकेक थांबा पुढे जात कान्हेघाटला आले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले.

"संगय्या," ते म्हणाले.

"जी."

"हे कान्हेघाटचं खरबूज. मी खाल्लंय. माझ्या लग्नात शंभर आणली होती बैलगाडीनं. सासऱ्यानं पाठवली." त्यांनी रिकाम्या वर्तुळावर बोट ठेवलं. "हे असं का काढलंय? मिळतच न्हाई?"

"न्हाई, शेटजी. बी गेलं."

"पोरांना सांगतो तर त्यांना खोटं वाटतं," वीरण्णा म्हणाले, आणि बाजूच्या खुर्चीवर बसले. माशाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. वाचलं नव्हतं की वाचून सोडून दिलं, हे कधी कळलं नाही. लग्नातल्या पंगतीबद्दल मात्र ते तासभर बोलत बसले आणि महांतेशनेच त्यांना चहा आणून दिला.

पुढच्या आठवड्यात संगमेश्वर नकाशाची एक प्रत घडी करून एकटाच कान्हेघाटला गेला. केवळाबाईला लातूरचा प्रवास झेपणार नव्हता. आरतीने तो कागद जमिनीवर अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. म्हातारी त्यावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं. संगमेश्वरने तिचं बोट धरून तिच्या गावावर नेलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"उदगीरबी एवढंच हाय."

तिने मग बोट तसंच कडेकडेने फिरवलं. "ही काय?"

"गोदावरी."

"निळी कशी काढली?"

"नदी म्हणलं की निळीच काढतात, बाई."

"पावसाळ्यात काळपट असती," केवळाबाई म्हणाली. "हिवाळ्यात हिरवी. आन् खरबुजाच्या दिवसांत पांढरी. नुसती पांढरी, डोळं दिपायचं. पाय भाजायचं, म्हणून आम्ही पळत पळत वाडीत जायचो, आन् येलाखाली पाय खुपसून बसायचो. त्या पोरीला सांग."

संगमेश्वरने खिशातून पेन काढलं. नकाशाच्याच कडेला, नदीला लागून, त्याने ते तिच्या शब्दांत लिहायला घेतलं आणि मधेच थांबून विचारलं, "येलाखाली काय खुपसायचं म्हणलीस?"

"पाय," ती म्हणाली. "गार लागायचं."